वीस इंचांची नळी

(दृश्य: पोलीस ठाण्याचं आवार. चिऱ्याच्या भिंतीला ओळीने टेकवलेल्या बंदुका.)

एप्रिल 2024. सिंधुदुर्गातलं एक पोलीस ठाणं. भिंतीला टेकवलेल्या या बंदुका कुठल्या धाडीत सापडलेल्या नाहीत. ज्यांच्या आहेत, तेच त्या घेऊन आलेत. कुणी गोणपाटात गुंडाळून एसटीने, कुणी दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाच्या मांडीवर आडवी ठेवून. लोकसभेची आचारसंहिता लागली आहे आणि परवान्याची हत्यारं जमा करा, अशी नोटीस वाडीवाडीत पोचली आहे.

(दृश्य: एका बंदुकीचं जवळून चित्रण. दस्ता, घोडा, नळी.)

ही बंदूक जरा नीट बघा. ठासणीची आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासणी. घोड्याखाली टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार काढला की दुसऱ्यासाठी हा सगळा खटाटोप पहिल्यापासून. दस्त्याला तडा गेलाय, त्याच्यावर तांब्याची तार आवळलेली आहे. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता मुलाच्या. मुलगाही साठी ओलांडलेला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: शेतीसंरक्षण.

(दृश्य: ठाणे अंमलदाराचं टेबल. नोंदवही, सुतळी, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या.)

अंमलदार आधी नळी रिकामी आहे ना ते पाहतो. मग परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक जुळवायचा. गंजामुळे शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत, म्हणून रॉकेलचा बोळा फिरवला जातो. आकडे उमटतात. पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर नाव, गाव, क्रमांक. चिठ्ठी सुतळीने चापाच्या कडीला. नोंदवहीत सही, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. पावती फाडून हातात. बंदूक मुद्देमाल कक्षात, जप्त केलेल्या दारूच्या कॅनच्या शेजारी. सगळं शिस्तीत चाललंय. इथे कुणी कुणावर आवाज चढवत नाही, आणि पोलिसांबद्दल या माणसांची तक्रारही नाही.

(दृश्य: काजूची बाग. फांदीवर माकडांची टोळी. खाली अर्धवट खाल्लेले बोंडू.)

तक्रार कॅलेंडरबद्दल आहे. आचारसंहिता लागली 16 मार्चला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला. निकालानंतर आठवडाभराने हत्यारं परत. म्हणजे काजू आणि हापूसचा अख्खा हंगाम बंदूक ठाण्यात. माकडावर नेम धरायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बंदूक असते ती हवेत बार काढायला. आवाज झाला की टोळी दुसऱ्याच्या बागेत जाते, एवढंच. (हा शेजारधर्म नव्हे, पण तो विषय वेगळा.)

या काकांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून ऐका.

(आवाज: "बंदूक थंय, माकडां हंय. आता काय करूचा?")

(दृश्य: जुनी छायाचित्रं. 1878 च्या कायद्याचं पान. संविधान सभेचं दालन.)

बंदूक कुणाच्या हातात असावी, हा वाद या देशात जुना आहे. 1857 चा धसका घेतलेल्या इंग्रजांनी 1878 साली शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्याला सूट. हा सल इतका खोल होता, की 1931 च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे संविधान सभेत हरि विष्णू कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. डिसेंबर 1948. नुकतीच फाळणी झालेली, गांधींची हत्या होऊन वर्षही उलटलेलं नाही. डॉक्टर आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती पडली. अमेरिकेत ज्या प्रश्नावर दर निवडणुकीत रान उठतं, तो आपण तेव्हाच निकाली काढला. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. सरकारने दिलेली ती परवानगी आहे.

(दृश्य: 1959 च्या कायद्याची प्रत. कलम 13 वर बोट.)

पण 1959 चा शस्त्र कायदा लिहिणाऱ्यांना शेतकरी माहीत होता. कलम 13 वाचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यायचा. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख तर वेगळाच केलेला आहे. याउलट रिव्हॉल्व्हर, पिस्तूल मागणाऱ्याला सबळ कारण दाखवावं लागतं आणि ते अधिकाऱ्याला पटावं लागतं. वीस इंचांची नळी सदऱ्याखाली लपत नाही. ती खांद्यावरून नेताना गाव बघतो. कायद्याने फरक केला तो एवढ्या साध्या हिशेबाने.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर लग्नाची वरात. हवेत उंचावलेलं पिस्तूल.)

आता हे बघा. कमरेचं हत्यार. बत्तीस बोअरचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलंही असू शकतं. परवान्यासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. पोलिसांचा अहवाल लागतो, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण लागतं, ते घरात सुरक्षित ठेवू अशी हमी लागते. 'जिवाला धोका' हे कारण इथे सगळ्यात जास्त चालतं, आणि धोका कुणाला किती, हे ठरवताना अर्जदाराच्या ओळखी आड येत नाहीत असं मानायला आम्ही तयार नाही. 2019 च्या दुरुस्तीने माणशी तीन हत्यारांची मर्यादा दोनवर आणली आणि वरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. वराती थांबल्या नाहीत.

2 फेब्रुवारी 2024, उल्हासनगर: पोलीस ठाण्यातच गोळीबार, अटकेत सत्ताधारी पक्षाचा आमदार. 8 फेब्रुवारी, दहिसर: फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात माजी नगरसेवकाची हत्या, पिस्तूल अंगरक्षकाच्या परवान्यावरचं. दोन्ही वेळा आचारसंहिता लागायची होती.

(दृश्य: बीड जिल्हाधिकारी कार्यालयाची पाटी. फायलींचे गठ्ठे.)

बीडमध्ये सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर, डिसेंबर 2024 मध्ये, पिस्तूल मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ एकामागून एक बाहेर आले. तेव्हा कुठे लोकांनी परवाने मोजले. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर! मग फायली उघडल्या आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ते रद्द करता येत होते, याचाच अर्थ ते तपासता येत होते. परवाना रद्द करायचा अधिकार देणारं, शस्त्र कायद्याचं कलम 17 काही तेव्हा नव्याने आलेलं नव्हतं.

(दृश्य: पणजी. उच्च न्यायालयाची इमारत, बाहेरून.)

आणि तपासा, असं न्यायालयाने केव्हाच सांगितलंय. 2009 साली, गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट हत्यारं जमा करून घ्यायला हरकत घेतली. प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करा, त्यासाठी छाननी समिती बसवा. निवडणूक आयोगाच्या सूचना त्यानंतर त्याच वळणाने आल्या. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले, अशांची हत्यारं आधी. काम सोपं नाही, मान्य. एकेक फाईल उघडायची म्हणजे माणसं लागतात, वेळ लागतो आणि कधीकधी वरून फोनही येतो. त्यापेक्षा सगळ्यांना एकच नोटीस धाडणं सोयीचं. गंजलेली ठासणी आणि कमरेचं पिस्तूल मग एकाच यादीत येतात, आणि 'इतकी शस्त्रं जमा' म्हणून प्रसिद्धिपत्रकात आकडा मोठा दिसतो.

(दृश्य: पाऊस. ठाण्याच्या दारात छत्र्या. पावती दाखवून बंदूक ताब्यात घेणारे हात.)

जूनचा मध्य. पावती दाखवा, सही करा, चिठ्ठी काढून घ्या. काकांनी नळीत फुंकर मारून पाहिली, आतून कोळिष्टक निघालं. तोवर बागेत राखायला काही उरलं नव्हतं; काजू संपला, आंबा संपला, नांगरणी सुरू झाली.

(दृश्य: पिवळं पडलेलं भात. बांधावर डुकरांनी उकरलेली माती.)

विधानसभेची आचारसंहिता त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला लागली. भात कापणीला आलं होतं आणि रात्री डुकरं उतरत होती. नोटीस आली. मजकूर तोच, निवडणुकीचं नाव तेवढं बदललेलं.