कोळशाचा विस्तव

पहाट होते आहे. समोर इस्राएलमधला गालीलचा समुद्र. नाव समुद्राचं, पण पाणी गोडं आणि लांबी जेमतेम २१ किलोमीटर. उत्तर किनाऱ्यावर ताबगा इथं, अगदी पाण्याला लागून, काळ्या दगडाचं एक छोटं चर्च आहे. १९३३ साली बांधलेलं. आत वेदीसमोर उघडा खडक आहे. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मरणातून पुन्हा उठल्यावर, प्रभू येशूनं शिष्यांना न्याहारी दिली ती याच खडकावर, अशी परंपरा आहे.

१९८६ साली दुष्काळात हे पाणी खूप मागं हटलं आणि गिनोसरजवळच्या चिखलात दोन भावांना एक होडी दिसली. पहिल्या शतकातली, आठ मीटरांहून थोडी लांब. तिच्यात कितीतरी झाडांचं लाकूड आहे. जिथं कुजलं तिथं मिळेल ते जोडलेलं. ती येशूचा शिष्य पेत्र याची, असं कुणी म्हणू नये. पण पेत्रही अशाच होडीत रात्रभर जाळं टाकत होता.

न्याहारीआधीच्या त्या रात्री एक मासा लागला नाही. उजाडताना काठावरून हाक आली, जाळं उजवीकडे टाका. टाकलं, तर ते ओढवेना. ‘प्रभू आहे,’ असं शेजारचा शिष्य म्हणाला मात्र, पेत्रानं अंगरखा कमरेला गुंडाळून पाण्यात उडी घेतली. मासे भरले १५३. हा आकडा मला फार जवळचा वाटतो. अशा सकाळीही कोळ्यांनी मासळी मोजली!

काठावर कोळशाचा विस्तव पेटलेला होता. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या कथेत, असा विस्तव दोनदाच येतो. पहिला यरुशलेमेत, येशूला धरलं त्या रात्री, प्रमुख याजकाच्या अंगणात. थंडी होती. चाकरांच्या घोळक्यात पेत्र शेकत उभा होता. ‘तू त्या येशूचा शिष्य ना?’ तीनदा विचारलं, तीनदा तो ‘नाही’ म्हणाला. मग कोंबडा आरवला.

आता तोच वास, तीच धग.

येशू म्हणाला, ‘या, न्याहारी करा.’ विस्तवावर मासळी होती, भाकर होती. आधी पोटभर खाऊ घातलं. अंगणाचा विषयसुद्धा काढला नाही. सातदा नव्हे, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर, हे त्यानं याच पेत्राला सांगितलं होतं. त्या शिकवणीचा अर्थ मला खरा कळला तो या न्याहारीपाशी.

जेवणं झाल्यावर त्यानं पेत्राला त्याच्या मूळ नावानं हाक मारून विचारलं, ‘शिमोना, माझ्यावर प्रीती करतोस काय?’ तेही तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राच्या जिवाला लागलं. ‘प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे.’ दर उत्तरानंतर येशू त्याच्यावर काम सोपवत गेला: माझी कोकरं चार, माझी मेंढरं सांभाळ. ज्याचा शब्द त्या रात्री टिकला नाही, त्याच्या हाती आपला कळप दिला!

मग म्हणाला, ‘माझ्यामागे ये.’ जाळं टाकणाऱ्या शिमोनाला पहिल्यांदा बोलावलं होतं, तेही याच पाण्याकाठी, याच शब्दांत.