जुना सिनेमा सुचवताय? मग प्रतही सांगा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. जुन्या सिनेमाचे चाहते एकमेकांना सिनेमा सुचवतात तो कसा? नाव, नट किंवा नटी, आणि वर ‘बघच’. समोरचा माणूस घरी जाऊन पहिली सापडेल ती प्रत लावतो, वीस मिनिटांत बंद करतो आणि म्हणतो, ‘सगळे धावतायत कशाला?’ किंवा ‘काही दिसतच नाही त्यात’. बहुतेक वेळा त्याचं खरं असतं. फक्त दोष सिनेमाचा नसतो, प्रतीचा असतो. म्हणून आज आवडीनिवडीची यादी नाही. समोरची प्रत बघण्यालायक आहे की नाही, हे पाच-दहा मिनिटांत कसं ओळखायचं, ते बघू.

पहिली गोष्ट, लांबी. सिनेमा लावण्याआधी किती मिनिटांचा आहे ते बघा आणि मूळ लांबीशी ताडून बघा. चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ घ्या. १९२५ चा मूकपट दीड तासाच्या आसपासचा आहे. १९४२ साली चॅप्लिननं स्वतःच तो पुन्हा कापला, संवादांच्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं आणि शेवटचं चुंबन उडवलं. ती आवृत्ती साधारण ७२ मिनिटांची. दोन्ही त्याच्याच आहेत, दोन्ही अधिकृत आहेत, पण बघण्याचा अनुभव अगदी वेगळा. ‘मुगल-ए-आझम’चंही तसंच. १९६० चा मूळ सिनेमा १९७ मिनिटांचा, आणि २००४ साली पूर्ण रंगीत करून आणला तेव्हा १७७ मिनिटांचा. वीस मिनिटं गेली! आता ‘मुगल-ए-आझम बघ’ म्हणताना कुठला, हे सांगायला नको?

मूकपटांच्या बाबतीत मात्र मिनिटांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तिथे खरं माप फुटांचं किंवा मीटरचं.

[पडद्यावर: १ फूट = १६ फ्रेम]

३५ मिलिमीटर रुंद फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ सुटी चित्रं, बसतात. सेकंदाला २४ फ्रेमनं चालवलं तर मिनिटाला ९० फूट जातात, १८ नं चालवलं तर साडेसदुसष्ट, १६ नं चालवलं तर ६०. म्हणजे हजार फुटांचं एकच रीळ अकरा मिनिटांतही संपतं आणि पावणेसतरा मिनिटांतही. ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट १९२७ च्या जानेवारीत बर्लिनला लागला तेव्हा ४,१८९ मीटरचा होता. २४ च्या वेगानं ते साधारण १५३ मिनिटं होतात, २० च्या वेगानं १८३. एक फ्रेमही न कापता अर्ध्या तासाचा फरक. त्यामुळे मूकपटाची प्रत ‘लांब’ आहे म्हणून ती पूर्ण आहे, असं समजू नका.

आता वेग. मूकपटाचा कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात ८ फ्रेम, म्हणजे १६. प्रत्यक्षात हा वेग १६ पासून २४ पर्यंत कुठेही असायचा, एकाच सिनेमातसुद्धा बदलायचा. १८ नं टिपलेला प्रसंग २४ नं दाखवला की तो ३३ टक्के जोरात पळतो. ‘जुन्या सिनेमात सगळे तुरुतुरु चालतात’ हा समज तिथून आलाय.

ओळखायचं कसं? माणसाच्या चालीकडे बघू नका, नट मुद्दाम कसंही चालतो. ज्या गोष्टी नटाच्या हातात नसतात त्या बघा: धूर, पाणी, वाऱ्यावरचा कपडा, खाली पडणारी वस्तू. टोपी खाली पडताना दचकल्यासारखी आपटली तर वेग जास्त आहे. नेटवरच्या बहुतेक प्लेअरमध्ये ०.७५ चा पर्याय असतो. २४ चा ०.७५ केला की बरोबर १८ मिळतात. संगीत रेंगाळेल, ते बंद करा. एक सावधगिरी मात्र बाळगा. विनोदी मूकपटांत पाठलागाचे प्रसंग मुद्दाम कमी वेगानं टिपायचे, म्हणजे पडद्यावर ते जोरात दिसावेत. तेही ‘नैसर्गिक’ करत बसलात तर विनोद मेला.

वेगाचा दुसरा घोटाळा उलट्या बाजूचा. काही जुन्या बोलपटांसोबत किंवा दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी मूकपटांची नवी प्रिंट काढताना प्रत्येक दुसरी फ्रेम दोनदा छापायचे, म्हणजे १६ चे २४ होतात. वेग ठीक होतो, पण हालचाल अडखळत येते. हे छापून झालेलं असतं, प्लेअरवर दुरुस्त होत नाही. दुसरी प्रत शोधा.

बोलपट असेल तर तिसरी अडचण. जिथे दूरचित्रवाणी सेकंदाला २५ फ्रेमची होती तिथल्या डीव्हीडींवर २४ चा सिनेमा सरळ २५ नं चालवलेला असतो. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत आटपतो, आणि आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानं वर चढतो. चित्रात कुणाला कळत नाही. पण ज्या नटाची सगळी पुंजीच त्याचा आवाज आहे, हॉलिवूडच्या हम्फ्री बोगार्टसारखा, त्याचा खर्ज गेला की काय राहिलं? उपाय सोपा आहे: संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ ठेवा. आणि सेटिंगमधला आवाजाचा ‘टाइम-स्ट्रेचिंग’ हा पर्याय बंद करा, नाहीतर वेग उतरेल आणि पट्टी चढलेलीच राहील. काही डीव्हीडींवर पट्टी आधीच दुरुस्त केलेली असते, तिथे हा पर्याय चालूच ठेवायचा.

[पडद्यावर: तीन चौकटी, १.३३, १.३७, २.३५]

आता चौकट. सर्वाधिक नुकसान इथेच होतं आणि लक्षात सर्वांत कमी येतं. मूकपटाची चौकट रुंदीला १.३३, उंचीला १. हॉलिवूडमध्ये १९३२ पासून बोलपटांसाठी १.३७ ठरली. तुमचा आजचा पडदा १.७८. म्हणजे १.३७ चा सिनेमा बरोबर दाखवला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर चित्र साधारण १४८० पिक्सेल रुंद, प्रत्येक बाजूला २२० पिक्सेल काळे. पट्टे नसतील तर दोनांपैकी एक झालंय. चित्र ताणलंय, किंवा वरून-खालून कापलंय.

ताणलेलं ओळखायला गोल वस्तू शोधा: गाडीचं चाक, घड्याळ, बशी. अंडाकृती दिसली की समजायचं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बऱ्याचदा सुधारता येतं. कापलेलं मात्र परत येत नाही. १.३७ चं १.७८ करताना उंचीतला २३ टक्के भाग जातो. फ्रेड अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना तो डोक्यापासून पावलांपर्यंत चौकटीत दिसला पाहिजे. कापलेल्या प्रतीत नेमकी पावलंच जातात. बस्टर कीटनचा १९२८ चा ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’ आठवा. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीतून तो सहीसलामत उभा राहतो. खराखुरा प्रकार, खरी भिंत. त्या दृश्याची सगळी गंमत ही की भिंत वरून सुटताना आपल्याला दिसते आणि त्याला दिसत नाही. चौकटीचा वरचा भाग उडाला की उरते नुसती धूळ.

रुंद सिनेमाचं दुखणं वेगळं. १९५३ च्या ‘द रोब’पासून सिनेमास्कोप आला. त्याची चौकट आधी २.५५ होती, पुढे २.३५ झाली. असे २.३५ चे सिनेमे जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापताना ४३ टक्के चित्र बाहेर राहतं. दोघं बोलतायत आणि पडद्याच्या दोन कडांना फक्त दोन नाकं दिसतायत, किंवा स्थिर दृश्यात चित्र मध्येच यांत्रिकपणे बाजूला सरकतंय, तर ती प्रत लगेच बंद करा. उलट पन्नाशीच्या दशकातल्या काही सिनेमांत जास्त दिसणं हीच चूक असते. पूर्ण चौकटीत टिपायचे, पण थिएटरात वरखाली झाकून रुंद दाखवायचे. झाकण काढलेल्या प्रतीत डोक्यावर रिकामी जागा फार आणि कधीकधी वरून लोंबणारा माइक!

रंगाबद्दल आधी मूकपटाचं बोलू, कारण मूकपट कृष्णधवलच असतात हा गैरसमज आहे. प्रिंट रंगात बुडवून काढायचे: रात्रीला निळा, आगीला लाल, घरातल्या दिव्याला पिवळट. मुर्नाऊचा १९२२ चा ‘नोस्फेराटू’ काळ्या-पांढऱ्या प्रतीत बघा. सूर्यप्रकाशानं मरणारा पिशाच्च स्वतःची शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात गावातून चाललेला दिसतो. दिग्दर्शक वेडा नव्हता. रात्रीचे प्रसंग दिवसा टिपले होते आणि प्रिंटवर निळा रंग चढवायचा होता. त्या प्रतीत तो निळा गेलाय, एवढंच.

रंगीत सिनेमात दोन खुणा. टेक्निकलर या जुन्या रंगपद्धतीत कॅमेरा तीन वेगळ्या निगेटिव्हवर टिपायचा. त्या निगेटिव्ह वर्षानुवर्षांत कमी-जास्त आकसतात, मग नीट जुळवल्या नाहीत तर माणसांच्या कडांना लाल-हिरवी रेघ दिसते. आणि ईस्टमनकलर या नंतरच्या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, मागे उरतो गुलाबी. अख्खा सिनेमा गुलाबी दिसला तर ती दिग्दर्शकाची शैली समजून कौतुक करू नका.

चेहऱ्याकडे येऊ, कारण चाहते शेवटी चेहऱ्यासाठीच येतात. मार्लेने डीट्रिश या नटीला दिग्दर्शक श्टेर्नबर्गच्या सिनेमांत मुख्य प्रकाश समोरून, बराच वरून दिलेला असतो. नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली पडते, गालांची हाडं उठून दिसतात. १९३२ च्या ‘शांघाय एक्सप्रेस’मधला तिचा एखादा क्लोजअप थांबवून बघा. ती सावली दिसते का? केसांत बटा दिसतात, की नुसता डाग? अंगावरची पिसं वेगळी दिसतात का? दिसत नसतील तर प्रिंटवरून प्रिंट काढत कुठल्या तरी पाचव्या पिढीला ही प्रत आली आहे. आता उलटा दोष: फिल्मचे दाणे, म्हणजे चित्रभर हलणारे बारीक ठिपके, संगणकानं पुसून टाकले की गाल मेणाचे होतात. चित्र चालू करून मागच्या भिंतीकडे बघा. दाणे हलत असले पाहिजेत. चेहरा हलतोय आणि भिंत गोठलीय, तर फार घासलंय.

ओरखडे बघून मात्र प्रत नाकारू नका. ‘मेट्रोपोलिस’चे बहुतेक हरवलेले प्रसंग २००८ साली ब्युनोस आयर्सला १६ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर सापडले. २०१० च्या आवृत्तीत ते जागच्या जागी आले, पण पावसासारख्या रेघांसकट. तीच आवृत्ती बघायची.

आवाजाचं थोडक्यात. मूकपटाला संगीत कुणाचं आहे ते लिहिलेलं नसेल तर कुठलंही संगीत चिकटवलेलं असण्याची शक्यता दाट. सुरुवातीच्या बोलपटांत खरखर असणारच. ती अजिबात नसेल आणि स, श, फ बोथट ऐकू येत असतील तर खरखरीबरोबर शब्दही पुसले गेलेत.

तेव्हा खाली कमेंटमध्ये सिनेमा सुचवताना असं लिहा: नाव, साल, कुठली आवृत्ती, किती मिनिटं, चौकट कुठली, मूकपट असेल तर संगीत कुणाचं. उदाहरणार्थ, ‘द गोल्ड रश, १९२५ ची मूक आवृत्ती, १.३३, निवेदनवाली नको’. आणि नवख्याला सांगताय तर एक प्रसंगही नेमून द्या, कितव्या मिनिटाला येतो त्यासकट. मिनिट मात्र तुम्ही सुचवलेल्याच प्रतीतलं द्या, दुसऱ्या प्रतीत ते जुळणार नाही.