बंद खोलीतले बोलणे तबकडीवर: कार्ल रॉजर्स यांचे संशोधन

नमस्कार. रंकाळ्याजवळच्या ज्या लहानशा खोलीत मी समुपदेशनासाठी बसते, तिथेच आज कॅमेरा मांडला आहे, कारण आजचा विषय या खोलीच्या बंद दाराशी संबंधित आहे. दार लागल्यावर आत दोन माणसे तासभर बोलतात. त्या बोलण्याने खरोखरच बरे वाटते का, आणि वाटत असेल तर नेमके कशामुळे, हे बाहेरच्या माणसाने कसे तपासायचे? औषधे न देता संवादातून उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला, म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, या प्रश्नापासून पळता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी तर आपली उमेदीची वर्षे याच प्रश्नाला दिली.

रॉजर्स यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेत झाला. १९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर येथे अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होते. तिथला एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एका हूड मुलाच्या आईला ते अनेक भेटींत समजावत होते की मुलाच्या वागण्याचे मूळ तिने त्याला लहानपणी दूर लोटण्यात आहे, पण काही केल्या ते तिच्या गळी उतरत नव्हते. अखेर दोघांनी भेटी थांबवायचे ठरवले. निरोप घेऊन दारापर्यंत गेलेली ती बाई मागे वळली आणि म्हणाली, ‘तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन करता का?’ मग खुर्चीत परत बसून तिने आपल्या संसारातले दुःख सांगायला सुरुवात केली, आणि ते रॉजर्स यांच्या टिपणांतल्या नीटनेटक्या इतिहासापेक्षा अगदी वेगळे होते. काय दुखते आहे हे त्या माणसालाच ठाऊक असते, ही त्यांची पुढची धारणा इथून घडत गेली. मला मात्र या प्रसंगातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. आपला अंदाज चुकला होता हे त्यांनी मान्य केले आणि मग असे अंदाज तपासायचे कसे याचा शोध घेतला.

आपल्याकडे तालमीत वस्ताद पोराचा डाव आपल्या डोळ्यांनी बघतो, म्हणून त्याची चूक दुरुस्त करू शकतो. पोराने घरी येऊन सांगितलेल्या कुस्तीवरून कोणी डाव शिकवत नाही. मानसोपचारात मात्र त्या काळी बहुतेक शिक्षण तसेच चालत असे. भेट संपल्यावर उपचार करणारा आठवेल तेवढे लिहून काढी आणि वरिष्ठ त्यावरून मार्गदर्शन करीत. १९४० साली ओहायो स्टेट विद्यापीठात आल्यावर रॉजर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भेटी ग्रामोफोनच्या तबकडीवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत भरत असे आणि बदलावी लागे. १९४२ साली त्यांनी एका व्यक्तीच्या आठ भेटींचा संपूर्ण संवाद, शब्द न् शब्द, छापून सर्वांसमोर ठेवला. आपल्या उपचारातले अडखळणेसुद्धा परक्याला वाचू देणे ही फार मोठ्या धैर्याची गोष्ट होती, असे मी मनापासून मानते.

मुद्रण ऐकल्यावर काय कळते, ते एका कल्पित उदाहरणाने सांगते. समजा, आंबेवाडीची एक बाई म्हणते, ‘पुराचं पाणी कवाच उतरलं, पण आभाळ भरून आलं की छातीत धडधडतंय बघा.’ यावर ‘आता पाऊस नाही, काळजी करू नका’ असे उत्तर देता येते. किंवा ‘पाणी गेलं, पण भीती अजून घरातच आहे’ असेही म्हणता येते. पहिल्या उत्तरानंतर बाई ‘व्हय’ म्हणून गप्प होण्याचा संभव अधिक, तर दुसऱ्यानंतर त्या रात्री माळ्यावर काय काय घडले ते ती सांगू लागेल. उपचारानंतर लिहिलेल्या टिपणात दोन्ही उत्तरे ‘धीर दिला’ एवढ्या दोन शब्दांत विरून जातात.

शिकागो येथे १९४५ ते १९५७ या काळात रॉजर्स यांनी मोजमापाकडे लक्ष वळवले. व्यक्तीला शंभर विधानांच्या चिठ्ठ्या देऊन त्या, किती लागू पडतात त्या क्रमाने, दोनदा लावायला सांगत: एकदा ‘मी जसा आहे’ म्हणून, एकदा ‘मला जसे व्हायचे आहे’ म्हणून. उपचारापूर्वी या दोन मांडण्यांमधला सहसंबंध (त्या किती जुळतात याचा आकडा; पूर्ण जुळल्यास १) सरासरीने जवळजवळ शून्य होता, उपचारानंतर तो ०.३४ पर्यंत आला. काही जणांना आधी ६० दिवस थांबायला सांगितले होते, म्हणजे नुसता काळ गेल्याने होणारा फरक वेगळा काढता यावा. हे आवश्यकच होते, कारण १९५२ साली लंडनचे मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी असा दावा केला होता की न्यूरोसिसचे, म्हणजे चिंता-भीतीसारख्या तुलनेने सौम्य मनोविकारांचे, सुमारे दोन तृतीयांश रुग्ण मानसोपचाराविनाही दोन वर्षांत सुधारतात. मात्र शिकागोतला तुलनेचा गट चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता, त्यामुळे आयझेंक यांना पूर्ण उत्तर त्यातून मिळाले नाही. ते पुढे मिळाले: १९७७ साली मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवले की उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या सुमारे ७५ टक्के व्यक्तींपेक्षा बऱ्या स्थितीत असते.

१९५७ नंतर विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर हेच काम करून पाहिले. एकूण गटात अपेक्षित फरक दिसला नाही, आणि १९६७ साली तो निष्कर्ष त्यांनी प्रसिद्धही केला. ज्यांना उपचारकाकडून समानुभूती, म्हणजे आपल्या जागी उभे राहून समजून घेणे, अधिक मिळाली, त्यांच्यात मात्र सुधारणा अधिक आढळली.

आता आपल्या शेजारी या. आंबोलीचा घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ भेटींचा उपचार देणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, गावातूनच निवडून तयार केलेले होते. तीन महिन्यांनी त्यांच्याकडील ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या ठरवलेल्या पातळीखाली आले, नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या समुपदेशकांच्या तयारीत एकमेकांच्या भेटींची मुद्रणे ऐकून गुण देणे हा महत्त्वाचा भाग होता.

मी माझे पहिले मुद्रण, समोरच्या व्यक्तीची लेखी संमती घेऊन, ऐकले तेव्हा एक जागा तीनदा मागे नेऊन ऐकावी लागली. एका प्रश्नानंतर आपण बराच वेळ शांत थांबलो होतो, अशी माझी खात्री होती. घड्याळ लावले तेव्हा ती शांतता चार सेकंदांची भरली, आणि पाचव्या सेकंदाला माझाच आवाज सुरू झाला होता.