बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पुण्याहून दौंडच्या बाजूला ट्रेननं निघालं की केडगाव लागतं. छोटंसं स्टेशन, आणि इथंच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई आपल्याला माहीत असतात, संस्कृत पंडिता, शारदा सदन काढणाऱ्या, विधवांना शिकवणाऱ्या. आज मात्र त्यांची एक वेगळी गोष्ट सांगायचीय, आणि खरं सांगू, ख्रिस्ती घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला ती फार आतपर्यंत लागते.

1883 साली इंग्लंडमधे वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इकडे महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं, आपली माणसं तुटली, टीका तर आयुष्यभर मागे लागली. एवढी किंमत मोजून घेतलेला धर्म तो. आणि याच बाई 1907 साली आपली साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची कहाणी, लिहिताना सांगतात की बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं उलटल्यावर मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता.

म्हणजे पाणी पडलं होतं, प्रार्थना चालू होती, बायबल चालू होतं, बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कमी दिसलं नसतं. टीकाकार टपून बसलेले असताना हे असं उघड लिहायचं? त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. मला त्यांचं हे धाडस बाकी सगळ्या कामांइतकंच मोठं वाटतं.

त्याच सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाची आत्मकथा आली. हा माणूस कॉर्नवॉलमधे चर्च चालवत होता, लोकांना बाप्तिस्मा देत होता, आणि 1851 साली एका रविवारी पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभा राहून उपदेश करता करता स्वतःच हलला, खाली बसलेल्यांपैकी एकजण ओरडला की अरे, पाळकाचंच तारण झालं, म्हणजे त्यालाच देव भेटला! पाळकाचं हे होऊ शकतं तर मग आपलं काय, हा प्रश्न रमाबाईंना पडला.

बायबलच्या नव्या करारात पश्चात्तापासाठी जो ग्रीक शब्द आहे, मेटानोईया, त्याचा अर्थच मन पालटणं. पुढे बायबल साध्या मराठीत आणायचं म्हणून रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकल्या, पण हा शब्द त्या आधी जगल्या होत्या.

आणि मग 1905. जानेवारीत मुक्तीमधे सत्तरेक बायका रोज प्रार्थनेला बसायला लागल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 8 वा अध्याय शिकवत होत्या, ज्यात एका बाईला दगड मारायला आलेले लोक एकेक करून निघून जातात तोच, आणि समोरच्या मुली रडायला लागल्या, मोठमोठ्यानं प्रार्थना करत आपली पापं कबूल करायला लागल्या, इतक्या की रमाबाईंना शिकवणं थांबवावं लागलं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या पोरी होत्या यातल्या कितीतरी. त्यांना कुणी कागदावर लिहिलेली कबुली वाचायला दिली नव्हती.

मला हे सगळं वाचताना आमची आजी आठवते. आमच्या चर्चला महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरी वाटून घ्यायचा विधी. एकदा भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं आणि तिनं न घेताच पुढे सरकवलं. मी शेजारीच होतो, लहान होतो, मला वाटलं आजीला बरं नाहीये. घरी आल्यावर ती जेवली पण नाही, पदर खोचला आणि भर उन्हात वरच्या आळीला जाऊबाईंकडे गेली, त्यांच्याशी जमिनीच्या वाटणीवरून कितीतरी वर्षं बोलणं बंद होतं. दोघींत काय बोलणं झालं ते तिनं कधीच सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा आजीनं भाकरी घेतली आणि स्वतःच्या हातानं ताट शेजारी दिलं, शेजारी जाऊबाई बसल्या होत्या.