एका प्याद्याचं मोल

पटाकडे नीट पाहा. तीनच चाली झाल्या आहेत. राजासमोरची प्यादी एकमेकांना भिडली आहेत, दोन्हीकडून एकेक घोडा बाहेर आला आहे, दोन उंट समोरासमोर उभे आहेत. अगदी साळसूद डाव. आणि इथे पांढरा खेळतो बी४, म्हणजे बी पट्टीवरचं प्यादं थेट चौथ्या रांगेत. प्यादं थेट काळ्या उंटाच्या तोंडात.

ही चाल आणली विल्यम डेव्हिस इव्हान्स या वेल्समधल्या जहाजाच्या कप्तानाने, १८२०च्या दशकात. इव्हान्स गँबिट हे नाव त्याचंच; गँबिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन त्या बदल्यात वरचष्मा मिळवण्याचा डाव.

उंट प्यादं खातो. पांढरा लगेच सी३ सरकवतो आणि उंटाला पळवून लावतो. समजा, तो गेला ए५वर. पांढरा डी४ खेळतो, काळा तेही प्यादं मारतो, पांढरा शांतपणे कॅसलिंग करतो, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेतो.

आता जरा मोजू या. काळ्याच्या सहा चाली झाल्या, त्यातल्या तीन एकट्या उंटाच्या. दुसरा घोडा अजून घरातच, राजा मधोमध उघड्यावर. पांढऱ्याने प्यादी घालवली, पण वेळ कमावला. शिवाय बी-प्यादं गेल्यामुळे त्याच्या दुसऱ्या उंटाला ए३ची वाट मोकळी झाली. तिथून तो एफ८वर नजर रोखतो आणि मध्ये काही आडवं नसेल, तर काळ्याचं छोट्या बाजूचं कॅसलिंगच अडतं.

काळ्याला मोह आवरला नाही आणि त्याने सी३वरचंही प्यादं खाल्लं, तर? पांढऱ्याचा वजीर बी३वर येतो. वजीर आणि उंट, दोघांचा रोख एकाच घरावर: एफ७. त्याला राखण फक्त राजाची. काळा घाईघाईने वजीर एफ६वर आणतो, तर ई५ म्हणत पांढरा त्यालाही हुसकावतो. तीन प्यादी खाऊन बसलेला माणूस असा घामाघूम झालेला पाहायला मजा येते, हे कबूल करायला हवं.

या हल्ल्यातली हवा काढली जगज्जेत्या इमॅन्युएल लास्करने. उपाय साधा: खाल्लेलं प्यादं परत द्यायचं. वजिरांची मारामारी होते, पटावर शांतता पसरते आणि पांढऱ्याकडे उरतात ए आणि सी पट्टीवरची एकाकी प्यादी. मग ही सुरुवात बड्या स्पर्धांतून जवळपास दिसेनाशी झाली.

१९९५, लॅटव्हियातलं रिगा. तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव याने ही सुरुवात पुन्हा बाहेर काढली, समोर विश्वनाथन आनंद. आनंदने उंट ई७वर मागे घेतला आणि घोडा ए५वर नेऊन पांढऱ्या उंटावर चढाई केली. कास्पारोवने काय करावं? उंट ई२वर मागे! आक्रमक म्हणवणाऱ्या डावातली ही माझी सर्वांत आवडती चाल. उंट वाचला, आणि पुढच्याच चालीत वजीर डी४वर येऊन जी७वर टपून बसला. तिथून आनंदला उसंत मिळाली नाही.

पंचविसाव्या चालीनंतर त्याने डाव सोडला. राजा तेव्हा एफ७वर उभा होता. कॅसलिंग राहूनच गेलं होतं.