काळी म्हैस, पांढरा फेस

(दृश्य: गंगावेशचा दूध कट्टा. दिवेलागणीची वेळ. भांड्यात धार पडल्याचा आवाज.)

कोल्हापुरात अजून काही जण दुधासाठी पिशवी फोडत नाहीत, थेट कट्ट्यावर येतात. समोर धार काढून घ्यायची, फेसानं भरलेला ग्लास तिथंच तोंडाला लावायचा आणि ओठावरची पांढरी मिशी पुसत घरी जायचं.

मी इथं फिल्मचा पहिला रोल काढला तेव्हा भरवसा फक्त कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर होता. प्रिंट घेऊन गवळीमामांकडे गेलो. मामांनी फोटो दिव्याखाली धरला, तिरका केला, परत सरळ केला.

"भावा, ही म्हस माझी न्हवं. माझी काळीकुळकुळीत हाय. ही भुरी कुणाची?"

मामांचं खरं होतं. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो आणि समोरचं सगळं मध्यम करडं आहे, साधारण १८ टक्के उजेड परत पाठवणारं आहे, असं धरून चालतो. माझी फ्रेम म्हशीच्या पाठीनं भरलेली. मीटरला वाटलं, उजेड फारच कमी आहे. त्यानं एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, वाढवला, म्हैस भुरी झाली आणि ग्लासातल्या फेसाचा नुसता पांढरा डाग उरला. अंबाबाईच्या देवळाच्या काळ्या दगडी भिंतीचंही असंच होतं.

(दृश्य: हातातला मीटर. त्याचा पांढरा घुमट जवळून.)

यावर उपाय हा घुमट. तो म्हशीच्या तोंडाजवळ धरायचा, कॅमेऱ्याकडे वळवून. म्हशीवर किती उजेड पडतोय, एवढंच तो मोजतो. म्हैस काळी की गोरी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

(दृश्य: खरी कॉर्नर, कॅमेरा स्तंभ.)

आता या गावात मीटरचं कौतुक सांगायला जरा संकोच वाटतो. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये मूकपट पडद्यावर आणला. वेस्टन कंपनीचा फोटोसेलवाला (उजेडावर वीज तयार करणारा) हातातला मीटर बाजारात आला तोच १९३२ च्या सुमारास. तोवर भिस्त नजरेवर आणि अनुभवावर. आमची नजर तेवढी तयार नाही, म्हणून हातातल्या मीटरची ही खरेदी.

(दृश्य: रंकाळ्याचा काठ, भर दुपार.)

मी पहिला मीटर घेतला तो जुना, सेलेनियमचा. याला बॅटरी लागत नाही. उजेड पडला की सेल स्वतःच वीज तयार करतो आणि तीच काटा ढकलते. विकणाऱ्यानं तो दुपारी दाखवला. लख्ख उन्हात आयएसओ (फिल्म उजेडाला किती पटकन जागते ते) १०० ला एफ (लेन्सचं भोक) १६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग यायला हवं, ते बरोब्बर आलं. मी खूश. संध्याकाळी कट्ट्यावर आणला तर काटा जागचा हलेना! मंद उजेडात सेलेनियमची ताकद मुळातच अपुरी, त्यात सेल म्हातारा. आपल्याला ज्या उजेडात काम करायचंय, त्याच उजेडात मीटर तपासावा, हे मला पैसे मोजल्यावर कळलं.

सेकॉनिक कंपनीचा एल-३९८ए मीटर मात्र आजही बिनबॅटरीचा आहे. त्यात आता सेलेनियमऐवजी सिलिकॉन आहे आणि तबकडी फिरवायला मोठी मजा येते. पण तो ईव्ही (उजेडाचं माप; एक आकडा वाढला की उजेड दुप्पट) ४ च्या खाली जात नाही, आणि कट्ट्यावरच्या बल्बखाली ईव्ही ५ भरतो. म्हणजे अगदी काठावर. बल्ब जरा लांब गेला की संपलं.

गोसेन कंपनीच्या जुन्या लुनासिक्स ३ मीटरची नजर अंधारात फार तीक्ष्ण. त्याची अडचण दुसरीच आहे. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला, आणि ते सेल आता बंद झाले. साधा दीड व्होल्टचा टाकला तर काटा खोटं बोलतो. काही जण श्रवणयंत्राचे सेल घालून भागवतात. शिवाय भर उन्हातून थेट गोठ्यात नेला तर आपल्या डोळ्यांसारखा तोही काही वेळ दिपलेला राहतो.

फोनमधलं ॲप? दिवसा, उघड्यावर, चालतं. पण कॅमेऱ्यातून उजेड मोजणारं ॲप म्हशीला पुन्हा भुरीच करणार.

(दृश्य: खासबाग मैदान. कुस्ती, गर्दीचा आवाज.)

एका ठिकाणी घुमटही कामाचा नाही. रंगात आलेल्या कुस्तीत पैलवानाच्या हनुवटीखाली मीटर धरायला कोण जाऊ देईल? गेलातच तर परत कसे याल, हा आणखी वेगळा प्रश्न. तिथं लांबून एका ठिपक्याचाच उजेड मोजणारा, एक अंशाचा स्पॉट मीटर हवा. पंचवीस मीटरवरून तो जेमतेम ४४ सेंटिमीटरचा गोल पाहतो, म्हणजे पैलवानाची छाती. ती माती लागून किती गडद झालीय, हा हिशोब मात्र आपण करायचा. हे मीटर महाग आणि जड. रोज मैदानात बसत नसाल तर मी घ्या म्हणणार नाही.

(दृश्य: पुन्हा गंगावेश.)

शेवटी माझ्या खिशात आला सेकॉनिकचा एल-३०८. ईव्ही शून्यापर्यंत उतरतो. म्हणजे एल-३९८ए जिथं थांबतो, त्याच्या सोळाव्या हिश्शाच्या उजेडातही मोजतो. लग्नाची कामं करणाऱ्यांसाठी फ्लॅशही मोजतो. आणि लागतो एकच पेन्सिल सेल, जो समोरच्या पानपट्टीवर मिळतो. खरं सांगायचं तर माझा निकाल त्या पानपट्टीनंच लावला.

घुमट म्हशीच्या गालाशी धरला. आयएसओ ४००, एफ २, एक-तीसांश सेकंद.

धार थांबवून मामा वर बघतात.

"म्हशीला ताप हाय व्हय रं?"