भिंतीतल्या फटींच्या खिडक्या झाल्या तेव्हा

मंडळी, ‘शातो’ या फ्रेंच शब्दाला आपण सर्रास ‘किल्ला’ म्हणतो आणि तिथेच गफलत होते. राजगड-रायगड चढलेला माणूस ल्वार नदीच्या खोऱ्यात जातो, तटबंदी आणि बालेकिल्ला शोधतो, आणि समोर येतात फुलबागा! फ्रेंचांना किल्ला, राजवाडा, सरदाराची गढी या सगळ्यांसाठी हा एकच शब्द पुरतो. म्हणून माझं सांगणं असं, की हे शातो प्रसिद्धीच्या क्रमाने पाहू नका. बांधले गेले त्या क्रमाने पाहा.

मुक्काम तूर शहरात ठेवा. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. आणि कृपा करून एका दिवसात एकच शातो. चार-चार उरकणाऱ्यांना रात्री कुठला जिना कुठला, तेही आठवत नाही.

सुरुवात लोशपासून करा. अकराव्या शतकातला चौकोनी बुरूज, उंची जवळजवळ ३६ मीटर, भिंती जाडजूड, उजेडाला अरुंद फटी. इथला धनी शत्रूच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला होता, हे आत शिरताच जाणवतं.

मग इंग्रजांशी चाललेलं शंभर वर्षांचं युद्ध १४५३ मध्ये संपलं. पुढे फ्रान्सचे राजे इटलीत लढायला गेले आणि तिथले कारागीर, बागा, मोकळेढाकळे वाडे बघून आले. त्या ओढीचा पुरावा अँब्वाझला दिसतो. पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या बोलावण्यावरून म्हातारा लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये इथे राहायला आला आणि १५१९ मध्ये इथेच वारला. त्याच वर्षी शाँबोरचं काम सुरू झालं. तिथला दुहेरी जिना जरूर चढा. एकाने चढावं, दुसऱ्याने उतरावं. मधल्या झरोक्यांतून दोघं एकमेकांना दिसतात, पण जिन्यावर गाठ पडत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो शेनाँसोत. तूरहून छोटी रेल्वे अर्ध्या तासात अगदी फाटकाशी सोडते. हा शातो शेर नदीच्या पात्रातच उभा आहे. दुसऱ्या हेन्री राजाची लाडकी दियान द प्वातिए हिने इथून पलीकडच्या काठापर्यंत पूल बांधवला. राजा १५५९ मध्ये गेला, तेव्हा त्याची राणी कातरीन द मेदिची हिने दियानकडून शातो काढून घेतला आणि तिच्याच पुलावर ६० मीटर लांबीचं दालन चढवलं. खाली, खांबांच्या पोकळ पायथ्यात, मुदपाकखाना आहे. सामानाच्या होड्या थेट त्याच्या दाराशी लागत. तिथे थोडा वेळ थांबा. तांब्याची भांडी, भली मोठी चूल, आणि खिडकीखालून वाहणारं हिरवट पाणी.

वरच्या दालनात काळ्या-पांढऱ्या फरशीवर खिडक्यांचा उजेड पडतो. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्या महायुद्धात ही नदीच सीमारेषा झाली: अलीकडचं दार जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात, तर दालनाच्या टोकाचं दार पलीकडच्या, जर्मनांचा ताबा नसलेल्या मुलखात. त्या दारातून माणसं निसटली. आज ते उघडं असलं, तर त्यातूनच बाहेर पडा आणि झाडीतून मागे वळून पाहा. संपूर्ण वास्तू पाण्यात उलटी दिसते.